रानपिंगळ्याची वाट

खानदेशाचे नाव काढले की बाहेरगावचा पाहुणा आधी रुमाल शोधतो. जळगाव-भुसावळचे ऊन त्याने ऐकलेले असते, इथली थंडी मात्र त्याला ठाऊक नसते. मार्गशीर्ष-पौषात पारा दहाच्या खाली उतरला म्हणजे काय होते, ते केळीवाल्याला विचारा. रावेर-यावल पट्ट्यात रात्री बागेच्या कडेने पाचोळा पेटवून धूर करणारी माणसे दिसतात. केळीला थंडी लागली की पान पिवळे पडते, घडाची वाढ खुंटते, म्हणून हा खटाटोप. अशाच एखाद्या पहाटे, तो धूर अजून शेतावर तरंगत असताना, तुम्ही गोधडी सोडून घराबाहेर पडा, असे मी सांगणार आहे. कामधंदा सोडून नव्हे हो! महिन्यातला एक रविवार पुरे.

जायचे सातपुड्याच्या पायथ्याला. जळगावकरांना सोयीचे ठिकाण म्हणजे रावेर तालुक्यातले पाल. सावदा सोडले, खिरोदा मागे टाकले की समोर डोंगराची निळी भिंत उभी राहते आणि रस्ता वळणे घेऊ लागतो. पाललगत यावल अभयारण्य आहे. १९६९ साली ते जाहीर झाले, क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस किलोमीटर. धुळेकरांनी इतक्या लांब यायचे कारण नाही. त्यांना शिरपूरकडून अनेर धरणाचे अभयारण्य जवळ पडते. आणि थेट शहाद्याच्या वर जाल तर सोन्याहून पिवळे. ते का, ते पुढे सांगतो.

एक अट आहे. गाडी गावात ठेवायची आणि पायी चालायचे. गाडीतून जंगल दिसते, पक्षी दिसत नाहीत. चालायचे तेही सकाळी फिरायला निघालेल्या शेठजीसारखे झपझप नव्हे. दहा पावले टाकावीत, थांबावे, ऐकावे. मळकट रंगाचे कपडे, पाण्याची बाटली, फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी आणि भरीत, एक साधी दुर्बीण, आणि वही-पेन्सिल. वही विसरू नका. आजची सगळी गोष्ट त्या वहीचीच आहे.

गाव संपते तिथे आधी शेते लागतात. गहू वीतभर वर आलेला असतो, हरभरा घाटे धरू लागलेला असतो. पाटाच्या ओल्या कडेला शेपटी वरखाली करीत पळणारा धोबी दिसेल. हा आपला कायमचा रहिवासी नव्हे. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून तो दिवाळीच्या आगेमागे येतो आणि उन्हे तापू लागली की परत फिरतो. कुंपणाच्या काटीवर काळसर, पोटाशी तांबूस असा एक लहानसा पक्षी बसून सारखी शेपूट थरथरवत असेल. त्याचे नावच थिरथिरा. तोही हिवाळी पाहुणा. तुरीच्या शेंड्यावर गप्पीदास. पाटाच्या लव्हाळ्यात गळ्यावर निळा पट्टा मिरवणारा शंकर, पण हा मोठा लाजाळू. दिसला न दिसला तोच बुडख्यात शिरतो. शेतकरी भावांनो, ही सगळी मंडळी किडे खाणारी आहेत. तुमच्या पिकातली अळी फुकटात वेचणारा हा मजूर आहे आणि त्याला रोज द्यावा लागत नाही. भोरड्यांचे थवे ज्वारी-दादरच्या कणसांवर उतरतात तेव्हा मात्र गोफण घ्यावी लागते, ते मी नाकारत नाही. पण त्याच भोरड्या टोळही खातात, एवढे लक्षात असू द्या.

शेत सुटले की गाडवाटेची पायवाट होते आणि कोरड्या नाल्यात उतरते. इथून साग, धावडा, सालई, पळस, मोहा. यावलच्या जंगलाची खरी ओळख मात्र अंजन. जोडपानांचे हे झाड खडकात मुळे घालून उभे असते आणि त्याच्या लाकडावर कुऱ्हाड टणकन वाजते. हिवाळा पुढे सरकतो तशी सागाची मोठी पाने चुरचुरत गळू लागतात. पायाखाली इतका आवाज होतो की वाटते, चोरी करायला आलो असतो तर पहिल्याच पावलाला धरले गेलो असतो. पण पाने गळाली म्हणूनच फांद्या उघड्या पडतात आणि फांदीवर बसलेला पक्षी दिसतो. पावसाळ्यात हीच वाट हिरवीगार, देखणी असते आणि पक्षी पाहण्याच्या दृष्टीने जवळजवळ आंधळी असते.

साडेसात-आठला ऊन झाडांच्या शेंड्यावर येते आणि जंगल एकदम बोलू लागते. हिवाळ्यात लहान पक्षी टोळी करून हिंडतात. एका झाडावर पाच मिनिटे कोणी नसते आणि मग एकाएकी दहा-पंधरा जणांची वरात येते. तांबड्या-काळ्या रंगाचे निखार वरच्या फांदीला, खोडावर उलटी डोके खाली करून उतरणारी शिलींध्री, पिसारा पंख्यासारखा उघडून गिरक्या घेणारा नाचण, आणि खोडावर टकटक करणारा मराठा सुतार. हो, नावच मराठा सुतार! माथा पिवळट आणि त्यात नराला मागे लाल टिकली. इंग्रजांनीही पूर्वी त्याला मराठ्यांच्याच नावाने ओळखले. या सुताराला नीट पाहून ठेवा. तो वठलेले लाकूड कोरतो. आपल्या गोष्टीत त्याच्या कामाला महत्त्व आहे.

आता त्या शहाद्याकडे वळू.

१८७२ च्या डिसेंबरात, आज छत्तीसगडात येणाऱ्या भागात, ब्लूइट नावाच्या इंग्रज गृहस्थाने एक छोटे घुबड मारले आणि ते ॲलन ह्यूमकडे पाठवले. ह्यूम म्हणजे तोच, ज्याने पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. (त्याच काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन १९३६ साली याच सातपुड्याच्या पायथ्याशी, फैजपूरला भरले. ह्यूम तेव्हा हयात नव्हता, नाही तर अधिवेशन सोडून जंगलात शिरला असता!) तर ह्यूमने १८७३ मध्ये हे घुबड नव्या जातीचे म्हणून जाहीर केले. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याचे मोजकेच नमुने मिळाले, साऱ्या जगाच्या संग्रहालयांत मिळून सात. त्यातले बहुतेक आपल्या पश्चिम खानदेशातले, शहादा-तळोदा भागातले. गोळा करणारा होता जेम्स डेव्हिडसन नावाचा मुलकी अंमलदार. या माणसाने १८८२ साली पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक यादीही छापली. शेतसारा, दौरे, कज्जे सांभाळून तो पक्ष्यांच्या नोंदी करीत हिंडला. प्रत्येक नमुन्याच्या पायाला चिठ्ठी बांधायची आणि तीवर ठिकाण व तारीख लिहायची, हा त्याचा शिरस्ता.

१८८४ नंतर रानपिंगळा दिसेनासा झाला. म्हणजे पाहणाऱ्यांना दिसेनासा झाला, असे म्हणू. एकच नोंद त्यानंतरची होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला तो मारल्याचे सांगितले आणि नमुनाही दाखवला. हा कर्नल पक्षीशास्त्रातला मोठा दबदब्याचा माणूस. आपल्या सालिम अलींनी १९३७ मध्ये त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात भ्रमंती केली होती. अशा माणसाच्या शब्दावर कोण शंका घेणार? रानपिंगळा शोधायला निघालेले लोक साहजिकच मांडवीकडे गेले आणि हात हलवत परतले. हळूहळू लोक म्हणू लागले, संपला बिचारा.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी जुने नमुने तपासायला घेतले. कर्नलच्या घुबडाचे कातडे एकदा शिवलेले होते आणि नंतर उसवून पुन्हा शिवलेले होते, असे ध्यानात आले. क्ष-किरणाखाली आतल्या खुणा उघड झाल्या. पहिली शिवण आणि भरण्याची तऱ्हा डेव्हिडसनची निघाली! कर्नलने लंडनच्या संग्रहालयातले डेव्हिडसनचे घुबड चोरले होते आणि त्यावर स्वतःची खोटी चिठ्ठी लावली होती. मांडवीला तो पक्षी त्याने मारलाच नव्हता. एका खोट्या चिठ्ठीमुळे शोधणाऱ्यांची पावले कित्येक वर्षे भलत्याच गावाला गेली.

बाईंनी मग कर्नलला बाजूला ठेवले आणि जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे पाहायचे ठरवले. १९९७ च्या नोव्हेंबरात बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या दोघांबरोबर त्या पूर्वेकडच्या जुन्या जागा हिंडल्या. तिथे काही मिळाले नाही. शेवटी शहाद्याला आल्या. २५ नोव्हेंबरची सकाळ, सातपुड्याच्या पायथ्याचे विरळ झालेले जंगल, आणि एका उघड्या फांदीवर उन्हात बसलेला रानपिंगळा. तब्बल ११३ वर्षांनी! शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणजे पक्षी धुळे जिल्ह्यात सापडला आणि सात-आठ महिन्यांत नंदुरबारचा झाला. धुळेकरांनी वाईट वाटून घेऊ नये, पक्ष्याला जिल्हे कळत नाहीत.

डेव्हिडसनच्या चिठ्ठीवर शहादा लिहिलेले होते आणि पक्षी शहाद्यालाच होता, बस, एवढीच ही गोष्ट. तो कुठे हरवलाच नव्हता. लाकूडफाट्याला, मोहाच्या फुलांना, तेंदूपानाला जाणारी आपली माणसे त्याच्याखालून रोज ये-जा करीत होती. पुढे कॅमेरे घेऊन लोक तिकडे जाऊ लागले तेव्हा एका म्हाताऱ्याने आम्हाला विचारले होते, "घुबड देखाले इतला लांब उनात?" त्याचे नवल खोटे नव्हते.

पुढे तळोदा, तोरणमाळ, मेळघाट या भागांत रानपिंगळा सापडला. आपल्या यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली. २०१४ साली तर मुंबईच्या जवळ, तानसा अभयारण्यात दिसला. जगात तो फक्त भारतातच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून काढून 'संकटग्रस्त' वर्गात आणले. ती बढती आहे खरी, पण दवाखान्यात अतिदक्षता विभागातून साध्या खाटेवर हलवावे तशी.

ओळखायचा कसा? घराच्या वळचणीला, चिंचेच्या ढोलीत राहतो तो साधा पिंगळा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्याचा चिरचिराट संध्याकाळी कोणी ऐकला नाही? आकाराने रानपिंगळा जवळजवळ तेवढाच. पण साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळपास कोरा, तपकिरी. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पांढरे पट्टे. पोट खालच्या बाजूला पांढरेशुभ्र, डोके-चोच मोठी, आणि पाय पिसांनी झाकलेले, जाडजूड. शिवाय तो दिवसाढवळ्या शिकार करतो. सकाळच्या उन्हात फांदीवर बसून खाली पाचोळ्यात सरडा, सापसुरळी, उंदीर हालतो का ते पाहतो. हालले की झडप.

हे सगळे पाठ करून मी गेलो होतो, आणि तरी फसलो. पालच्या बाजूला एका जानेवारीत सोबत एक पावरा दादा होता, वयाने साठीचा, अंगात स्वेटर आणि पायात काही नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला सागाच्या उघड्या फांदीवर पिंगळा उन्हात बसलेला दिसला. सकाळचे नऊ वाजून गेलेले. दिवसा बसलाय म्हणजे रानपिंगळाच! माझे हात कापू लागले. दुर्बिणीतून नीट पाहायच्या आधी मी वही काढली आणि लिहून टाकले : सकाळी ९-२०, रानपिंगळा, १. दादा माझ्या खांद्यावरून पाहत होता. म्हणाला, "भाऊ, त्याच्या डोक्यावर ठिपके हायेत ना?" दुर्बीण लावली. होते, चांगले तांदूळ शिंपडल्यासारखे होते. साधा पिंगळासुद्धा थंडीत ऊन खात बसतो, हे मी सपशेल विसरलो होतो. "दुसरा हाय तो येगळा," दादा म्हणाला, "पायात पांढरी सुरवार घातल्यावानी दिसतो." सबंध पुस्तकात वाचलेल्या वर्णनापेक्षा ती सुरवार मला जास्त उपयोगी पडली आहे.

त्याच दादाने वाटेत एक वठलेले झाड दाखवले. अर्धे खोड वाळलेले, शेंडा मोडलेला, मध्ये दोन भोके. आपल्या हिशेबाने सरपणाखेरीज त्याची काही किंमत नाही. पण रानपिंगळ्याला घरटे बांधता येत नाही. त्याला ढोली हवी. ढोली दोन तऱ्हांनी होते, एक तर मोठी फांदी मोडून तिथे लाकूड कुजते, नाही तर आपला मराठा सुतार किंवा त्याचे भाऊबंद कोरतात. दोन्हीला जुने झाड लागते. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाला ढोली पडायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते. म्हणून "तोडले एक, लावली दहा" हा हिशेब वनमहोत्सवाच्या भाषणात ठीक, रानपिंगळ्याच्या कामाचा नाही. यावलच्या जंगलात गेल्या काही दशकांत शेतीसाठी मोठी तोड झाली, सागाची चोरटी तोड वेगळी. चुलीसाठी मोळी नेणाऱ्या बाईला शहाणपण शिकवायला जळगावहून कोणी जाऊ नये, तिची चूल पेटलीच पाहिजे. पण मोळी वेगळी आणि ट्रक वेगळा, हे सगळ्यांना कळते. वठलेले म्हणून, वाटेत आड येते म्हणून, ढोलीचे झाड सहज आडवे केले जाते तिथे तरी कोणी हात धरावा.

घुबडाबद्दल आपल्याकडे जे समज आहेत त्यांचाही त्याला जाच आहे. घुबड ओरडले की कोणी मरते, त्याला दगड मारला तर तो दगड घासत बसते, हे आपण आजीकडून ऐकलेले. काही ठिकाणी जादूटोण्यासाठी घुबडे पकडली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. खरे तर शेतकऱ्याने घुबडाला दाराशी जागा द्यावी, इतके उंदीर ते फस्त करते.

आता शिकलेल्या लोकांचाही एक उपद्व्याप सांगतो. मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवायची, पक्षी आपल्या हद्दीत दुसरा कोण शिरला म्हणून धावत येतो, की फोटो काढायचा. रानपिंगळ्याचा विणीचा काळ साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे आपल्या फिरण्याचा काळ तोच त्याच्या पिल्लांचा. नर बिचारा अंडी-पिल्ले आणि शिकार सोडून तुमच्या मोबाइलशी भांडत बसतो. असे कोणी करताना दिसले तर खुशाल टोका. अभयारण्यात जाताना वनखात्याची परवानगी घ्या, गावातला वाटाड्या घ्या, त्याला त्याचा रोज द्या.

ज्यांच्या गुडघ्यांना डोंगर झेपत नाही त्यांनी हतनूरला जावे. तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला, त्याच्या खाली हतनूरचे ४१ दरवाजांचे धरण. त्याच्या फुगवट्याच्या कडेने सकाळच्या उन्हात नुसते बसले तरी चक्रवाकाची जोडी, थापट्या, तलवार बदक, वारकऱ्यांची काळी दिंडी दिसते. नशीब असले तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस. भारतातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत हतनूर आहे, तळोदा-तोरणमाळची जंगलेही आहेत. भुसावळ-वरणगाव भागातले पक्षीमित्र तिथे हिवाळ्यात पाणपक्ष्यांची मोजदाद करतात. त्यांच्याबरोबर एकदा उभे राहून पाहा. पाचशे बदके पाण्यावर हलत असताना आकडा लिहिणे म्हणजे काय, ते तिथे कळते. खात्री नसेल तिथे ते प्रश्नचिन्ह टाकतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

तुमच्या वहीतही तसेच लिहा. दिवस, वेळ, गाव, झाड कोणते, पक्षी काय करीत होता. नाव येत नसेल तर रंग लिहा, शेपूट लिहा. "नवलाचा पक्षी" एवढेच लिहिले तरी तारीख आणि ठिकाण खरे असू द्या. कोण जाणे, तुमच्यानंतर शंभर वर्षांनी कोणीतरी त्या गावाला जाईल.

माझ्या वहीत त्या जानेवारीच्या पानावर 'रान' ही दोन अक्षरे खोडलेली आहेत. उरलेला पिंगळा तसाच आहे, सकाळी ९-२०, सागावर, ऊन खात बसलेला.